टा. म्हणजे टाका

बाजाराच्या रस्त्यावर, चपलांचं दुकान आणि चावीवाला यांच्या मधोमध, दोन पाट्यांचं एक दुकान होतं. डावीकडची पाटी म्हणे ‘लोकर व विणकामाचे साहित्य’, उजवीकडची म्हणे ‘रेडिओ, पंखे, इस्त्री दुरुस्ती’. आत खोली मात्र एकच. मधे फळ्यांची भिंत घालायचं लग्न झाल्यापासून चाललं होतं. पण भिंत घातली तर खिडकीचा उजेड कुणाच्या वाट्याला, यावर नवराबायकोचं एकमत होईना, आणि ती भिंत राहिली ती राहिलीच.

लोकरीच्या बाजूला बायको बसे, दुरुस्तीच्या बाजूला नवरा. गिऱ्हाइकं तिला ताई म्हणत आणि त्याला काका. नात्यांच्या हिशेबात हे कुठेच बसत नव्हतं. पण त्याचे केस ऐन तिशीत पांढरे झालेले आणि तिच्या अंगात वारा भरलेला, म्हणून लोकांनी डोळ्यांना दिसलं तसं नातं जोडून टाकलं. घरात ती त्याला ‘अहो’ म्हणे, तो तिला ‘अगं’, आणि तेवढ्या दोन शब्दांवर संसार सुरळीत चालला होता.

दुकानात शिरून कुणी म्हणालं, “जरा बघता का, टाका सुटलाय,” की दोन्हीकडून दोन माना वर होत. काकांच्या धंद्यात टाका म्हणजे तापल्या कथलाने तार जोडतात ती जागा. ताईंच्या धंद्यात टाका म्हणजे सुईवरचा लोकरीचा वेढा. हातात रेडिओ आहे की स्वेटर, हे दिसेपर्यंत दोघंही तयारीत. एकदा एक बाई कोपराला पट्टी बांधून आली आणि टाका सुटल्याचं सांगू लागली, तेव्हा दोघांनी एका सुरात तिला दवाखान्याचा रस्ता दाखवला.

काकांना आपल्या कामाचं फारसं कौतुक नव्हतं. बंद पडलेली वस्तू सुरू करायची, एवढंच ते काम. ताईंचं काम मात्र ते रोज, कथील वितळायची वाट बघता बघता, चोरून पाहत. रस्त्यावरून कुणी नव्या नक्षीचा स्वेटर घालून गेलं की ताई दारात उभ्या राहून त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत आणि चार दिवसांत तीच नक्षी सुयांवर उतरे. खाली गळालेला टाका त्या केसातल्या आकड्याने वर उचलत, तेही गिऱ्हाइकाशी भांडताना, मान खाली न घालता. हातात नुसती लोकर धरून सांगत, “ही धुतल्यावर आटेल, बाळाला घेऊ नका.” त्यांच्या हाताला उपजतच कळतं, असं काका सगळ्यांना सांगत. ताईंना ते आवडत नसे. “उपजत काय? आईने सुईने बोटं सडकलीत माझी,” असं त्या म्हणत.

लोकर घेणाऱ्या प्रत्येकीला त्या नमुना फुकट लिहून देत. लोकरीच्या गुंड्याभोवती कागदाची पट्टी असते, तिच्या कोऱ्या पाठीवर. पट्टी केवढी, तर चार बोटांची. त्यात पाठ, पोट, बाह्या, गळा सगळं बसवायचं, म्हणून ताईंनी स्वतःची एक त्रोटक भाषा काढली होती. सुलटला सु., उलटला उ., ओळीला ओ., बाहीला बा. आणि टाक्याला टा. शाळकरी पोरं घरी आईला नमुना वाचून दाखवताना ‘सु. सु. उ. उ.’पर्यंत आली की हसून लोळत. चिठ्ठीची सुरुवात बहुतेक वेळा ‘९० टा. टा.’ अशी असे. म्हणजे नव्वद टाके टाका, सुईवर घाला. एक नवी सून ती चिठ्ठी घेऊन परत आली आणि दारातूनच म्हणाली, “ताई, टाटा तर मी निघताना केला होता की. नव्वद वेळा कशाला करायला लावता?”

त्या दिवशी ताई हसल्या. रोजच हसत असं नाही. जीभ मोठी फटकळ होती त्यांची. स्वेटर बिघडवून आलेल्या बाईला त्या आधी फैलावर घेत, मग तिच्या हातातून सुया ओढून घेत आणि बिघडलेलं उसवून नीट करून देत. “चिठ्ठीत सगळं लिहिलंय. डोळे कुठे होते?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अनुभवी बायकांना चिठ्ठी पुरायची. नवशिक्या दोनदा ऐकून घेत आणि तिसऱ्यांदा तयार स्वेटर विकत आणत.

काका आपल्या बाजूने हे सगळं ऐकत. मधे पडायची त्यांची छाती नव्हती.

एका सकाळी दुकान उघडताना ताईंनी काचेच्या कपाटाचं दार ओढलं. दार अडकलं होतं, त्यांनी हिसका दिला, आणि आख्खी काच खाली आली. ताईंनी नको तेच केलं. काच झेलायला हात पुढे केला. उजव्या तळव्यावर खोल जखम झाली. काकांनी हाताला लागली ती लोकर जखमेवर दाबली आणि त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. बोटं वाकवणाऱ्या शिरांपैकी दोन तुटल्या होत्या. हात बधिर करून डॉक्टरीणबाई बराच वेळ शिवत बसल्या. ताई जाग्याच होत्या आणि पडद्याआडून डोकवायचा प्रयत्न करत होत्या.

“बारा टाके पडलेत,” डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या.

“पडले?” ताई दचकल्या. “म्हणजे गळाले? की तुम्ही घातले?”

“घातले, घातले.”

“मग तसं सांगा ना. आमच्यात टाका पडला की सगळं उसवावं लागतं.”

डॉक्टरीणबाई हसल्या, पण पुढचं सांगताना त्यांचा आवाज हलका झाला. जखम भरेल. दोन बोटं मात्र पूर्वीसारखी वळतील की नाही, ते आताच सांगता येणार नाही. निदान थंडी सरेपर्यंत सुया हातात धरायच्या नाहीत.

घरी येताना ताई रिक्षात डाव्या हाताची बोटं मिटून-उघडून बघत होत्या. 

अडचण अशी होती की हंगाम तोंडावर आलेला. दर थंडीच्या आधी ताई नव्या नक्षीचा एक स्वेटर विणून दुकानाच्या खिडकीत टांगत. तो बघूनच बायका आत येत, तसलीच लोकर मागत आणि चिठ्ठी घेऊन जात. यंदा चिठ्ठी तयार होती, लोकर आली होती, पण स्वेटर विणायचा राहिला होता. ताई पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन रिकाम्या खिडकीकडे बघत बसू लागल्या. काकांना ते बघवेना. दोन दिवसांनी त्यांनी कथलाची तार खाली ठेवली, मधली नसलेली भिंत ओलांडली आणि म्हणाले, “अगं, मी विणतो.”

“तुम्ही?”

“सुलट-उलट तेवढं दाखव. बाकी चिठ्ठीत सगळं लिहिलेलंच असतं ना.”

ताईंनी डाव्या हाताने आणि तोंडाने शिकवलं. काकांचा हात संथ, पण स्थिर. रेडिओच्या पोटातल्या केसाएवढ्या तारा जोडणारा माणूस तो. एकदा युक्ती कळल्यावर टाके सारखे पडू लागले. सारखे येऊ लागले म्हणू या. विणायला बसले की ते चष्मा लावून चिठ्ठीची पट्टी समोर चिकटवत, नकाशा वाचावा तशी एकेक खूण वाचत आणि जे लिहिलंय ते करत. ताई सुरुवातीला मानेवर श्वास सोडत बसल्या. मग त्यांनाच ते सहन होईना, म्हणून त्या व्यायाम करायला दवाखान्यात जाऊ लागल्या. गिऱ्हाइकं काकांना सुया चालवताना बघून गालात हसत. काका त्यांना म्हणत, “काही नाही, हाही रेडिओच आहे. आवाज तेवढा नाही.”

पाठीचा भाग पुरा झाला तेव्हा त्यांनी तो टेबलावर पसरला आणि ताईंना हाक मारली.

मुंढ्यापर्यंत सगळं चोख. मुंढ्याशी, जिथे बाही बसवायला कापड आत वळायला हवं, तिथे दोन्ही बाजूंनी ते बाहेर गेलं होतं. मधे पाठ आणि दोन्हीकडे दोन आखूड पंख. माणसाने घालायचं की पाखराने, असा प्रश्न पडावा.

ताई आधी खो खो हसल्या. दुखऱ्या हातावर पट्टी असूनही टेबलावर थाप मारली. मग डोळे पुसत म्हणाल्या, “अहो, डोळे कुठे होते? चिठ्ठीत सगळं लिहिलंय.”

“चिठ्ठीप्रमाणेच केलंय.” काकांनी पट्टी पुढे केली. “हे बघ. ‘दो. बा. ५ टा. टा.’ दोन्ही बाजूंना पाच टाके टाका. टाकले.”

“टाका म्हणजे टाकून द्या! मिटवा. कमी करा. मुंढ्याशी कुणी टाके वाढवतं का?”

“ते तुला माहीत. मला कसं कळणार? पहिल्या ओळीत ‘९० टा. टा.’ होतं, तेव्हा टाका म्हणजे घाला होतं. इथे तीच अक्षरं, आणि टाका म्हणजे काढा?” काका चिडले नव्हते. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. “तू म्हणतेस, चहात साखर टाका. मी घालतो. तू म्हणतेस, केर टाका. मी बाहेर नेऊन फेकतो. कारण साखर आणि केर मला समोर दिसतात. यात काय दिसतंय?”

ताईंनी पट्टी हातात घेतली. उजेडाकडे धरली. बराच वेळ त्या चार अक्षरांकडे बघत राहिल्या.

ताई आईकडून विणायला शिकल्या, आणि आई दोन्हींना ‘टाकणं’च म्हणायची. पण आई बोलताना आईचे हात समोर होते. घालतेय की मिटवतेय ते दिसायचं, शब्द कुठलाही असो. ताईंनी तोच शब्द चार बोटांच्या कागदावर उतरवला, तोही अर्धा कापून, आणि इतकी वर्षं गावभर वाटला.

“मुंढ्याशी बिघडलं म्हणून किती जणी आल्या असतील हो?” त्यांनी विचारलं.

काकांना बऱ्याच आठवत होत्या. 

“आणि त्या बाई,” ताई म्हणाल्या. “मुख्याध्यापिका.”

त्याही काकांना आठवत होत्याच. मुलींच्या शाळेतून निवृत्त झाल्या झाल्या त्या बाई हौसेने विणायला शिकू लागल्या होत्या. भावासाठी स्वेटर विणायला घेतला होता. असेच पंख घेऊन त्या दुकानात आल्या, नेमक्या गर्दीच्या वेळी, आणि ताई त्यांना टाकून बोलल्या, “जन्मभर पोरींना वाचायला शिकवलंत ना? मग चार ओळींची चिठ्ठी वाचता येत नाही?” दुकानातल्या बायका हसल्या. मुख्याध्यापिकांनी विणलेलं घडी करून पिशवीत ठेवलं, उरलेली लोकर काउंटरवर ठेवली आणि निघून गेल्या. त्यानंतर दुकानासमोरून जाताना त्या रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जात.

दोन दिवस ताई नेहमीसारख्या दुकानात बसल्या. काकांना वाटलं, आता हा विषय इथेच बुडाला. बायकोचा स्वभाव त्यांना पुरता ठाऊक होता. चूक कबूल करणं तिच्या घराण्यात नव्हतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ताईंनी चांगली साडी नेसली आणि म्हणाल्या, “चला. मला एकटीला जिना चढवणार नाही.”

मुख्याध्यापिकांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. हाताला कठड्याचा आधार घेता येत नव्हता हे खरं, पण काकांना कळलं की सोबत त्यासाठी नव्हती. दार उघडून मुख्याध्यापिका उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. आधी त्यांची नजर ताईंच्या हाताला बांधलेल्या पट्टीवर गेली, मग चेहऱ्यावर.

“बोला.”

“बाई, तुमचा स्वेटर बिघडला ना, तो माझ्यामुळे. चिठ्ठी चुकली होती. तुम्ही बरोबर वाचली होती.” ताईंनी एका दमात सांगितलं आणि चिठ्ठीची पट्टी त्यांच्या हातात दिली. “यात ‘टा.’ आहे बघा, तो कुठे घाला आहे, कुठे काढा आहे. ते मला परवापर्यंत कळलं नव्हतं. यांनी पंख विणले तेव्हा कळलं.”

काकांनी मान डोलावली. पंख आपले, हे सांगायला त्यांना का कोण जाणे, अभिमान वाटला.

“मी बरोबर वाचली होती, हे मला त्याच दिवशी माहीत होतं,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “चारदा तपासून आले होते मी. पण तुम्ही बोलू दिलंत कुठे?”

“नाही दिलं.”

“सगळ्यांसमोर माझं हसं केलंत.”

“केलं. म्हणून म्हणते, उद्या दुकानात या. सगळ्यांसमोरच सांगते.”

“मला नको तो तमाशा.” त्या जराही वितळल्या नाहीत. काकांना वाटलं, दार आता लागणार. पण ती पट्टी अजून त्यांच्या हातात होती, आणि जन्मभर वह्या तपासलेल्या माणसाच्या हातात कागद गप्प राहत नाही. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “हे ‘दो. बा.’ काय आहे? दोन बाह्या?”

“नाही, दोन्ही बाजू.”

“आणि खाली ‘बा. ४८ ओ.’?”

“ती बाही.”

“आणि ‘सु.’? सुलट की सुई?”

ताई पुन्हा पट्टीवर वाकल्या. काकांनी हळूच जिन्याकडे बघितलं.

“आत या,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “उभ्याने नाही व्हायचं हे. वर्गात अर्ध्या मुलींचं एकच गणित चुकलं ना, तर मी गणित पुन्हा वाचायची. बहुतेक वेळा माझीच वाक्यरचना फसलेली असायची.”

त्या संध्याकाळी तिघं टेबलाशी बसली. काका चहा करायला उठले, कारण त्या दोघींपैकी कुणी उठेल असं दिसत नव्हतं. मुख्याध्यापिका विचारत, ताई सांगत, मुख्याध्यापिका म्हणत, “तसं मग लिहा ना.” घालायचे तिथे ‘घाला’, मिटवायचे तिथे ‘बंद करा’. बाजूला बाजू, बाहीला बाही. ‘टा.’ राहिला, पण फक्त टाक्यासाठी; बाकी सगळी कामं त्याच्याकडून काढून घेतली. एवढं सगळं पट्टीवर मावेना. “मोठा कागद घ्या,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. इतका साधा उपाय आजवर सुचला कसा नाही, म्हणून ताईंनी कपाळावर हात मारला. नेमका उजवा. त्यांच्या तोंडून निघालेली किंकाळी ऐकून मुख्याध्यापिका पहिल्यांदा हसल्या.

दुसऱ्या दिवशी ताईंनी जे केलं ते काकांनी पुढे कितीतरी जणांना सांगितलं. त्यांनी पंखवाली पाठ उसवू दिली नाही. तीच दुकानाच्या खिडकीत, दरवर्षी नव्या नक्षीचा स्वेटर टांगायच्या जागी टांगली, आणि शेजारी डाव्या हाताच्या वाकड्यातिकड्या अक्षरांत पुठ्ठा लावला: ‘ज्यांचा स्वेटर असा झाला, त्यांची चूक नाही. चिठ्ठीची आहे. नवी चिठ्ठी घेऊन जा.’

“अगं, धंद्यावर परिणाम होईल,” काका म्हणाले.

“होऊ दे.”

लोक थांबून बघू लागले. चावीवाला तर रोज येऊन नव्या माणसाला ते पंख दाखवी, जणू त्यानेच विणले. बायका आत येऊ लागल्या. कुणी हसत आल्या, कुणी अर्धवट सोडलेले स्वेटर ट्रंकेतून काढून घेऊन आल्या. एक बाई चांगलीच तापली होती. तिने सासूकडून त्या पंखांवरून वर्षभर टोमणे खाल्ले होते. ती तोंडाला येईल ते बोलली. उलट उत्तर न देता ताईंनी कुणाचं एवढं ऐकून घेतलेलं काकांनी आजवर पाहिलं नव्हतं. ताईंनी ऐकून घेतलं. सगळं. मग म्हणाल्या, “सासूबाईंना घेऊन या. त्यांनाही सांगते.” ती बाई खरंच दुसऱ्या दिवशी सासूला घेऊन आली, आणि ताईंनी खरंच सांगितलं.

खरा स्वेटर काकांनी थंडी मध्यावर आल्यावर पुरा केला. नवा कागद समोर ठेवून विणला, आणि एकदाही काही विचारावं लागलं नाही. ताईंनी तो उलटसुलट करून बघितला, शिवण ओढून बघितली, गळ्यात बोट घालून बघितलं.

“बरा आहे,” त्या म्हणाल्या. काकांनी ते वाक्य जपून ठेवलं. यापेक्षा मोठी शाबासकी त्या दुकानात आजवर कुणाला मिळाली नव्हती.

ताईंची दोन बोटं अर्धीच वळायला लागली आणि तिथेच थांबली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता एवढंच. ताईंनी त्यावर रडारड केली नाही. लोकर डाव्या हाताच्या बोटांवर घेऊन विणायची दुसरी एक पद्धत असते, ती त्या शिकल्या. चिडत, सुया आपटत, पण शिकल्या. आता एका आठवड्याच्या कामाला महिना लागे. घाईची कामं काका करत. रेडिओ दुरुस्तीला येणं कमीच झालं होतं, त्यामुळे त्यांचा वेळही सत्कारणी लागला.

मुख्याध्यापिका दुकानात यायच्या, पण मैत्रिणीसारख्या नाही. दर नव्या नमुन्याचा कागद घरी मागवून घेत, लाल पेनाने खुणा करून परत आणत, काउंटरवर ठेवत आणि उभ्या उभ्या निघून जात. ताई त्यांच्या पाठीमागे तणतणत, “काय बाई आहे! एवढ्या बारीक अक्षरात एवढ्या चुका काढायच्या?” आणि लगेच चष्मा शोधून दुरुस्त्या करायला बसत.

पुढच्या थंडीत ताईंनी काउंटरसमोर एक बाक टाकला. शिकायला येणाऱ्यांसाठी. पहिल्या दिवशी तिथे एक तरुण पोस्टमन येऊन बसला. त्याला स्वतःसाठी मफलर हवा होता. सुया त्याच्या हातात काठ्यांसारख्या दिसत होत्या. ताईंनी त्याला टाका कसा घालायचा ते सांगितलं. त्याने घातला, तो निसटला. पुन्हा सांगितलं, पुन्हा निसटला. काकांनी पंख्याच्या मोटारीतून मान वर काढली. आता ते ठरलेलं वाक्य येणार, याची त्यांना खात्री होती.

ताईंनी बाकावर पोस्टमनच्या शेजारी बैठक मारली. “मी काय सांगितलं, ते तुला काय कळलं?” त्यांनी विचारलं. “तुझ्या शब्दांत सांग बघू.”

पोस्टमन सांगू लागला. ताई ऐकत होत्या. मधेच त्या म्हणाल्या, “थांब, थांब. हे मीच घोळ घालून सांगितलंय,” आणि त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.